रनवेवरचं निउलाकिता

लामेको मास्तरांनी आयुष्यभर फुनाफुती बेटावरच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही देशाबद्दल ठासून बोलायचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि निवृत्तीनंतर तो ते रोज संध्याकाळी बजावत असत. स्वतःच्या देशाबद्दल मात्र जपून बोलत. कारण ब्राझीलबद्दल काही चुकीचं बोललं तर ब्राझीलहून कोणी भांडायला येत नाही. प्रशांत महासागरातल्या आमच्या तुवालूची बेटं नऊ, आणि प्रत्येक बेटाचा निदान एक तरी कडवा माणूस मास्तरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होता.

इतका जपून वागणारा माणूस या नसत्या उठाठेवीत पडला तो पृथ्वीच्या गोलापायी.

मास्तरांच्या मुलीला, मेलाईआला, ऑस्ट्रेलियात राहायच्या परवान्याची सोडत लागली होती. येत्या गुरुवारच्या विमानानं ती, जावई आणि सात वर्षांची नात लोसा ब्रिस्बेनला निघणार होते. घरात सगळीकडे उघड्या बॅगा पडल्या होत्या. मास्तरांना बॅगा बघवत नव्हत्या, म्हणून ते नातीला घेऊन ओसरीवर जुना गोल फिरवत बसले होते.

"आजोबा, तिथल्या शाळेत मुली विचारतील ना, तू कुठली म्हणून. मग मी बोट कुठं ठेवू?"

मास्तरांनी आत्मविश्वासानं बोट ठेवलं.

"बोट काढा ना. दिसत नाहीये."

मास्तरांनी बोट काढलं. खाली महासागराचं नाव छापलेलं होतं, आणि त्यातल्या एका जाड अक्षरानं अख्खा देश पोटात घेतला होता. मास्तरांनी चष्मा पुसला, गोल उन्हात नेला, पण अक्षर काही हटेना.

"आपण या अक्षराखाली राहतो?" लोसानं अगदी गंभीरपणे विचारलं.

मास्तरांचा अपमान झाला. तोही नातीसमोर, आणि स्वतःच्याच कपाटातल्या गोलानं केलेला. ते ताडकन उठून म्हणाले, "गुरुवारच्या आत मी तुला अख्खा देश पायी फिरवतो. एकेका बेटावर उभी करतो. मग बघू कोण विचारतंय."

स्वयंपाकाच्या खोपटातून सुएना, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणाली, "बोटीच्या शिडीवर पाय ठेवला की ओकारी येते तुम्हाला. वाइतुपूत जन्मलात आणि इथं आलात, त्यापलीकडं तिसरं बेट बघितलं नाहीत. तुम्ही काय देश फिरवणार?"

भूगोलाच्या शिक्षकाला बोट लागते ही गोष्ट साऱ्या बेटाला ठाऊक होती, पण ती भरल्या घरात बोलून दाखवायची काही गरज नव्हती. मास्तरांनी अंगणातले पांढरे खडे गोळा करायला घेतले.

बेत साधा होता. अंगणात खड्यांची नऊ बेटं करायची, मध्ये समुद्र समजायचा, आणि लोसाला हाताला धरून एका बेटावरून दुसऱ्यावर न्यायचं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत देश तयारही झाला. मास्तरांनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहिलं आणि त्यांना वाटलं, देश घडवणं लोक समजतात तितकं काही अवघड नाही.

तेवढ्यात तोफिगाआबा आले. तोफिगाआबा हे निउताओचे. निउताओच्या लोकांची वस्ती दक्षिणेच्या टोकाला निउलाकितावरही आहे, त्यामुळं दोन बेटांचा अभिमान ते एकटे बाळगून होते.

"आमचं निउलाकिता कुठाय?"

"हे काय आबा, तुमच्या अंगठ्यापाशी."

आबांनी वाकून पाहिलं. वाळूचा एक कण होता. आबांनी हळूच फुंकर मारली. कण उडाला.

"गेलं," आबा म्हणाले. "तिथं माझा भाऊ राहतो, मास्तर. पन्नासेक माणसं आहेत. चर्च आहे. तुम्ही ते फुंकरीनं उडण्याजोगं केलंत."

"आबा, प्रमाण म्हणून एक गोष्ट असते."

"असेल. पण पोरीला उभं करणार म्हणालात ना बेटावर? उभी राहील ती त्यावर?"

मास्तर खजील झाले, कारण आबांचं म्हणणं भूगोलाच्या दृष्टीनं बिनतोड होतं. शेवटी तडजोड अशी ठरली की निउलाकिता निदान तळहाताएवढं तरी हवं. आबा स्वतः समुद्राकडच्या किनाऱ्यावर गेले आणि एक गुळगुळीत पांढरा पोवळ्याचा दगड घेऊन आले. तो त्यांनी असा काही अंगणात ठेवला की त्यापुढं वाद घालायची कोणाची छाती झाली नसती.

आता ज्या देशाचं सगळ्यात छोटं बेट तळहाताएवढं, त्याचा बाकीचा पसारा किती होईल, याचा हिशेब मास्तरांनी त्यानंतर केला. आधी करायला हवा होता. फुनाफुतीनंच निम्मं अंगण खाल्लं. वाइतुपू माडाच्या मुळात गेलं. उत्तरेला नानुमेआ कुंपण ओलांडून शेजारच्या सिकेलीच्या डुकरांच्या गोठ्यात पडलं आणि दक्षिणेला निउलाकिता थेट विमानाच्या रनवेवर. आमच्या देशात जमीन चिमूटभर आणि समुद्र अफाट, हे मास्तरांनी मुलांना जन्मभर शिकवलं होतं. ते खरं निघाल्याचा त्यांना इतका त्रास कधी झाला नव्हता.

"थोडं जवळ जवळ मांडा ना," सुएना म्हणाली. "कोण मोजायला येणार आहे?"

"बेटं जिथं आहेत तिथंच राहणार. घरातल्या खुर्च्या आहेत का त्या, पाहुणे आले की सरकवायला?"

सिकेली भला माणूस होता. त्यानं गोठ्यात मास्तरांना बसायला उलटी बादली दिली आणि माडाची ताजी नीरा दिली.

"माझी काहीएक हरकत नाही, मास्तर. खुशाल ठेवा नानुमेआ. फक्त जमीन माझी एकट्याची कुठाय? भावंडांची सामाईक. सगळ्यांचा होकार लागेल."

"अरे, चार खडे ठेवायचेत."

"आज खडे म्हणाल, उद्या खांब म्हणाल. सामाईक म्हणजे सामाईक. माझी बहीण ऑकलंडला आहे, धाकटा दर्यावर, जर्मन बोटीत. दोघांना विचारतो."

यात सिकेलीचं काही चुकत नव्हतं. तुवालूत माणूस कितीही लांब जाऊ दे, जमिनीवरचा त्याचा शब्द मागंच राहतो, आणि तो विचारल्याशिवाय जमिनीत खुंटीही ठोकता येत नाही. ऑकलंडच्या बहिणीला फोन लागला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "नानुमेआच का? आपल्या जमिनीत आपलं फुनाफुती का नाही?" मास्तरांनी तिला फोनवरून अक्षांश-रेखांश समजावले. ती म्हणाली, "मास्तर, शाळेतही तुम्ही असंच समजावायचा आणि मला तेव्हाही कळायचं नाही. ठेवा." धाकटा आफ्रिकेच्या बाजूला कुठंतरी होता. त्याचा निरोप दोन दिवसांनी आला. होकार होता, अट एकच, गाभण डुकरिणीला त्रास होता कामा नये.

दोन दिवस असे गेले, आणि मास्तरांच्या घरात बॅगांच्या चेनी एकेक करून बंद होऊ लागल्या.

नानुमेआ गोठ्यात गेलं त्याच दुपारी गाभण डुकरिणीनं ते नाकानं उलथून टाकलं. ही बातमी नानुमेआच्या लोकांच्या सभेच्या मांडवात पोहोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला, आणि तेपौ मोटरसायकलवरून आला. तेपौ बंदरावर हमालांचा मुकादम होता. त्याचा आवाज बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून ऐकू जायचा.

"नानुमेआ डुकराच्या नाकाखाली? आमचं बेट दोन बायकांच्या टोपलीतून सांडलेल्या वाळूचं झालंय, मास्तर. उकिरड्यावर नाही झालं."

"मी पाडलं नाही तेपौ, ते तिथंच येतं."

"मग डुकरं हलवा."

"डुकरं कुठं हलवू?" सिकेली म्हणाला. "जमीन सामाईक आहे. पुन्हा जर्मन बोटीला विचारावं लागेल."

शेवटी तेपौनं स्वतः काठ्या आणल्या, नानुमेआभोवती वेगळं कुंपण घातलं आणि दारात उभा राहिला. नानुमेआचं रक्षण होतंय म्हटल्यावर मागोमाग नानुमांगाचे लोक आले, आमच्या बेटाला कुंपण का नाही म्हणून. मग नुइवाले. जो तो आपलं बेट बघायला यायचा, मान हलवायचा, आणि खिशातून दोन शंख काढून त्यात भर घालायचा. वाइतुपू मास्तरांचं स्वतःचं, म्हणून ते त्यांनी मन मोठं करून जरा लहानच ठेवलं होतं. तर वाइतुपूवाल्यांनी त्यांना फितूर म्हटलं.

राहिलं निउलाकिता. त्यासाठी मास्तर विमानतळावरच्या पनापाकडं गेले. पनापा त्यांचाच विद्यार्थी. सायरन वाजवून रनवेवरची माणसं, कुत्री आणि व्हॉलीबॉलची जाळी हटवायचं काम त्याच्याकडं होतं.

"मास्तर, रनवेवर परकी वस्तू ठेवायला बंदी आहे."

तोफिगाआबा सोबत आले होते. ते थंडपणे म्हणाले, "परकी? लोक रात्री रनवेवर चटया टाकून झोपतात, त्या चालतात. आणि निउलाकिता परकं?"

"आबा, नियमात तसा शब्द आहे. तुम्ही अर्ज करा."

मास्तरांनी अर्ज केला. एका कचेरीत सांगितलं, अर्जात जमीन कमी आणि समुद्रच जास्त आहे, तेव्हा मासेमारीवाल्यांकडं जा. मासेमारीवाल्यांनी विचारलं, यात मासे धरणार आहात का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. तिथल्या एका तरुण साहेबानं मात्र नकाशा नीट पाहिला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, नुकुलाएलाए थोडं पूर्वेला घ्या. माझं आजोळ आहे."

शेवटी पनापानंच वाट काढली. निउलाकिता रनवेच्या कडेला ठेवायचं, पण सायरन वाजला की उचलायचं आणि विमान गेलं की परत ठेवायचं. "उचलणार कोण?" असं त्यानं विचारायच्या आत आबांची घडीची खुर्ची रनवेच्या कडेला लागली होती. जग म्हणतं, आमची बेटं समुद्र गिळणार. आमचं एक बेट विमानाच्या वेळापत्रकाप्रमाणं आबांच्या लुंगीत जाऊन बसायचं.

मधेच एक परदेशी पत्रकार बाई कॅमेरा घेऊन आली. दरवर्षी कोणीतरी येतंच. तिनं सुएनाला विचारलं, "समुद्र चढत चाललाय, तुम्हाला भीती वाटते का?"

"वाटते ना," सुएना म्हणाली. "सिकेलीची डुकरीण कुंपण मोडेल याची."

बुधवारी सकाळी देश उभा होता. नऊच्या नऊ बेटं, शंखांनी मढवलेली. मास्तरांनी बेटाबेटावर पाट्या लावायचं ठरवलं होतं, इतिहासाच्या. तिथंच घोडं पेंड खात होतं. फुनाफुतीचा आणि वाइतुपूचा मूळ पुरुष सामोआहून आलेला एकच, तर त्याचं जास्त प्रेम कोणत्या बेटावर, यावरून पाटी लिहायच्या आधीच दोन माणसं बोलेनाशी झाली. मास्तरांनी पाट्या फोडून चुलीत घातल्या. "ज्याचं बेट त्यानं सांगावं," ते म्हणाले. "पोर ऐकून घेईल."

ते म्हणायला सोपं होतं. मास्तर पडले भूगोलाचे, त्यांनी अंतराचा हिशेब केला होता, पाहुणचाराचा नाही. आमच्याकडं कोणी बेटावर पाऊल ठेवलं की त्याला खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, मग बेट खड्यांचं का असेना. नानुमेआवर तेपौनं लोसाच्या गळ्यात फुलांची माळ घातली, नारळाच्या दुधातला मासा पुढं केला आणि दोन बायकांच्या टोपलीपासून सुरुवात केली. नानुमांगावर भाजलेला नीरफणस. निउताओवर गाणं झालं, आणि गाणं झालं म्हणून नाच झाला, आणि समोरच्या नुइवाल्यांना ते सहन होईना म्हणून त्यांनी त्याहून मोठ्यानं गाणं केलं. माळा लोसाच्या नाकापर्यंत चढल्या. लांबट वाम आणि चपटा लेपा या दोन मित्र-माशांच्या भांडणातून जमीन चपटी आणि माड उंच कसे झाले, ही एकच गोष्ट तिनं तीन बेटांवर तीन तऱ्हेनं ऐकली आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तोंड केलं. मास्तर तिच्या मागं हात बांधून चालत होते. त्यांच्या लक्षात आलं, आपण आज निउताओला आलोय, नुइला आलोय, आणि पोटात ढवळत नाहीये. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी सुएनाला दिसू दिलं नाही, पण तिला दिसलं.

अंधार पडला तेव्हा देश निम्माच झाला होता.

गुरुवारी सकाळी उरलेला देश उरकायला घेतला. मेलाईआ दारातून ओरडत होती, "बाबा, पासपोर्ट तपासायचेत, तिला आणा." वाइतुपूवर मास्तरांना फितूर म्हणणाऱ्यांनीच माळा घातल्या, नुकुफेताऊवर खोबऱ्याच्या वड्या नाकारता आल्या नाहीत. फुनाफुतीवर सिकेलीनं भाषण केलं, आणि भावंडांच्या वतीनं म्हणून ते तिप्पट लांबलं. नुकुलाएलाएवर पाय ठेवला, माळ गळ्यात पडली आणि सायरन वाजला.

कुत्री रनवेवरून बाहेर पळाली. पलीकडं कडेला तोफिगाआबा खुर्चीवरून उठले, वाकले, निउलाकिता उचललं आणि लुंगीच्या ओच्यात घेतलं. विमान उतरलं, वळलं आणि उभं राहिलं.

"एक राहिलं," लोसा म्हणाली.

"बाळ, आता वेळ नाही."

"तुम्ही अख्खा म्हणाला होतात."

सगळ्या आयुष्यात मास्तरांनी कुठलाही वर्ग अर्धा सोडला नव्हता. नेमका हा सुटला, आणि ज्या एका मुलीसाठी घेतला होता तिच्यापुरताच सुटला. विमानतळाच्या छपराखाली सगळं गाव जमलं होतं. मेलाईआ रडत होती, सुएना तिला रडू नको म्हणत स्वतः रडत होती, आणि लोसा मात्र माळांच्या ढिगातून तोंड बाहेर काढून सगळ्यांवर रागावून उभी होती.

गर्दी बाजूला झाली. तोफिगाआबा आले.

"तू आली नाहीस, म्हणून बेट आलं," ते म्हणाले आणि खाली मांडी घालून बसले. "खायला आमच्याकडं एवढंच." त्यांनी एक उकडलेलं केळं दिलं. "आमच्या बेटाची गोष्ट लहान आहे, घाबरू नको. तिथं वाम नाही, लेपा नाही. माझ्या लहानपणी निउताओवर माणसं फार झाली. मग काही जण बोटीत बसून दक्षिणेला गेले. निउलाकिता मोकळं पडलं होतं. माझा बाप गेला. माझी आजी किनाऱ्यावर अशीच रडत होती, ही तुझी आजी रडतीय तशी. तिला वाटलं, पोरगा गेला. पोरगा कुठं गेला नव्हता, पोरी. त्यानं तिथं माड लावले आणि निउताओ मोठं झालं. एवढीच गोष्ट."

बोलून झाल्यावर त्यांनी दगड तिच्या दोन्ही हातांत ठेवला.

"आबा, हे काय?" मास्तर दचकले. "बेट दिलंत तिला?"

"देतोय कुठं? जमीन देता येते का आपल्यात? भागीदार करतोय. आजपासून निउलाकितात हिचा वाटा."

पनापा दारात तपासणीला उभा होता. त्यानं दगड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मास्तरांकडं पाहिलं. मग तो लोसाच्या पिशवीत परत घालून म्हणाला, "जपून ने. विमानात खाली पाडू नकोस." थोड्या वेळानं विमान माडांवरून उठलं, लगूनच्या उथळ पाण्यावर वळलं आणि ढगात गेलं. मास्तर जरा वेळ तसेच वर बघत राहिले, मग चालत घरी आले आणि रिकाम्या खोलीत न जाता अंगणातच बसले.

दोन-तीन दिवस त्यांनी कोणत्याही देशाबद्दल मत दिलं नाही. नकाशा तसाच होता. संध्याकाळी आसपासची पोरं त्यातून पळापळी खेळत, नानुमेआहून निघून नुइवर धापा टाकत. पण रनवेच्या कडेची जागा मोकळी होती आणि मास्तरांना ती डोळ्यांत खुपायची. आठ बेटांचा देश नकाशात ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. रविवारी चर्चमधून येताना त्यांनी किनाऱ्यावरून तेवढाच एक दगड निवडला आणि आबांना दाखवला.

"हा ठेवू या तिथं, आबा. छान आहे."

आबांनी दगड पाहिला आणि परत दिला. "मला काय विचारता? निउलाकितात भागीदार आहेत. त्यांना विचारल्याशिवाय कसा ठेवता येईल?"

"भागीदार सात वर्षांची आहे, आबा."

"म्हणून काय झालं? लागू द्या फोन."

फोन लागला. आधी मेलाईआ बोलली, घर बरं आहे, शाळा जवळ आहे, थंडी वाजते. मग लोसानं फोन हिसकावून घेतला. आबांनी घसा साफ केला आणि सभेत बोलतात तसं सगळं रीतसर मांडलं: निउलाकिताच्या जागी दुसरा दगड ठेवायचा प्रस्ताव लामेको मास्तरांनी आणला आहे, तरी भागीदारांचं काय म्हणणं आहे?

मास्तरांनी फोन आबांच्या आणि आपल्या कानांच्या मध्ये धरला.

"नाही," लोसा म्हणाली. "दुसरा दगड ठेवायचा नाही. माझं बेट माझ्याकडं आहे. मी येईन तेव्हा मीच ठेवणार."

"कधी येणार?" मास्तरांनी विचारलं.

"ते मी सांगेन. आणि आजोबा, तोवर ती जागा झाडून ठेवा. कुत्री बसतात तिथं."

भागीदाराचा निर्णय आबांना मान्य झाला. ते खुर्चीची घडी घालून घरी गेले. मास्तरांनी हातातला दगड कुंपणाबाहेर टाकला, खोपटाच्या मागून हिरांचा खराटा उचलला आणि फाटकाकडं निघाले.

"अहो, आता या उन्हात कुठं?" सुएनानं विचारलं.

"निउलाकिताला," मास्तर म्हणाले.